शाळेच्या ओट्यावरून : मनीची अंघोळ आणि मॅडमची चूक

बालदोस्तांनो,

आज मी तुम्हाला एक खरीखुरी गोष्ट सांगणार आहे. त्या गोष्टीत एक मोठी चूक आहे. चूक कुणाची? तर चक्क माझी! हो, मॅडमसुद्धा चुकतात बरं का. पण चूक झाली की ती फळ्यावर लिहायची आणि तिच्याखाली ठळक रेघ मारायची, असं मी माझ्या वर्गाला नेहमी सांगते. म्हणजे मग ती पुन्हा होत नाही. आज हे पान म्हणजेच माझा फळा.

आमची शाळा पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. एका अंगाला जळगाव, दुसऱ्या अंगाला धुळं आणि मधे नजर जाईल तिथवर कापूस. पोळा होऊन चार दिवस झाले होते. पावसाची भुरभुर चालू होती. चौथीतली एक मुलगी पाय खाजवत खाजवत वर्गात आली. तिचं खरं नाव मी सांगणार नाही, आपण तिला छकुली म्हणू. घोट्यापासून पोटरीपर्यंत तिच्या पायांवर लाल लाल टिपके उठले होते. तिच्या बाकावरची मैत्रीण हळूच सरकून लांब बसली. मागून कुणीतरी खुसखुसलं, "छकुलीला उवा झाल्या!"

"उवा पायाला होतात का रे शहाण्या?" मी विचारलं.

छकुलीचे डोळे भरून आले. म्हणाली, "मॅडम, मनी मनीले पिसवा व्हयन्यात."

ज्यांना आमची अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. अहिराणीत 'मनी' म्हणजे 'माझी'. आणि छकुलीच्या मांजरीचं नावही मनीच. म्हणून 'मनी मनी' म्हणजे 'माझी मनी'. आहे की नाही गंमत?

पिसवांचं नाव निघालं आणि अख्खा वर्गच डॉक्टर झाला. एक म्हणाला, "रॉकेल लाव." दुसरी म्हणाली, "फिनाईलच्या पाण्यानं धू. आमची आई फरशी धुते, एकही किडा राहत नाही." तिसरा म्हणाला, "कपाशीवर मारतात ना, ते जरासं पाण्यात टाक." मी सगळ्यांना गप्प बसवलं आणि मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "छकुले, पोळ्याआधी बैलांच्या गोचीडांसाठी आणलेलं औषध घरात असेल ना? ते थोडं पाण्यात टाकून लाव. लहानपणी आमच्या मोती कुत्र्याला बाबांनी तेच लावलं होतं. त्याला काही झालं नाही."

एवढं बोलून मी भागाकाराकडे वळले. तीच ती चूक, मुलांनो.

कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला छकुली नव्हती. 'वंदे मातरम्' संपतंय तोच तिचा भाऊ धापा टाकत आला. "मॅडम, चला ना! मनी नुसती थरथर कापते!"

मी तशीच गेले. धाब्याच्या घरात, चुलीजवळ गोणपाटावर मनी पडली होती. तोंडातून लाळ गळत होती. कान फडफडत होते, पाय ताठ होऊन झटके देत होते. छकुली तिच्याकडे बघत भिंतीला टेकून उभी होती. रडतही नव्हती. मला म्हणाली, "तुम्ही सांगितलं तेच लावलं, मॅडम." दोस्तांनो, इतकी वर्षं शिकवते आहे, पण इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "अंगावर काय लावलंय?" बाटलीवरचं नाव वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अंगावरचं औषध आधी काढा. कोमट पाणी आणि भांडी घासायचा पातळ साबण घ्या. डोळ्यात जाऊ देऊ नका. स्वच्छ धुवा, कोरडं करा, उबदार गुंडाळा आणि लगेच घेऊन या. बाटलीही आणा. तोंडात काही घालू नका. दूध नको, तेल नको."

तसं केलं. छकुलीच्या बाबांच्या उपरण्यात मनीला गुंडाळून मोटारसायकलवरून पारोळ्याला नेलं. डॉक्टरांनी झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी मनीनं मान वर केली आणि बारीक आवाजात 'म्यांव' केलं. तेव्हा कुठे छकुली रडली. आणि तिच्याबरोबर मीही.

डॉक्टर मला म्हणाले, "मॅडम, एक लक्षात ठेवा. मांजर म्हणजे छोटं कुत्रं नव्हे. आणि कुत्रं म्हणजे छोटा बैल नव्हे."

मांजराचं वेगळेपण

असं का बरं? शेवंतीच्याच कुळातल्या एका पांढऱ्या फुलात किडे मारणारा रस असतो. त्या रसाची नक्कल करून माणसानं कारखान्यात औषधं बनवली : परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन. गुरांच्या गोचीडांवर, कुत्र्यांच्या काही पावडरींत, कपाशीवर, घरातल्या डासांवर, सगळीकडे हीच मंडळी असतात. बैलाच्या किंवा कुत्र्याच्या शरीरात गेलं तर त्यांचं यकृत हे विष फोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला हे काम नीट जमत नाही. विष अंगात साठतं, मज्जातंतूंवर चढतं आणि मग थरथर, झटके सुरू होतात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर मांजर मरतं.

याच कारणानं आपल्याला ताप आल्यावर देतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही द्यायची नाही. तिच्यासाठी ती विषच आहे. फिनाईल आणि जखम धुवायची जंतुनाशकंही तशीच. लावलेलं सगळं मांजर चाटून पोटात घेतं, हे तर तुम्ही रोजच बघता.

आणि रॉकेल? ते कुत्र्यालाही नको, मांजरालाही नको. कातडी भाजते, चाटलं की फुप्फुसात जातं. "आमचं तर कडुलिंबाचं तेल, अगदी नैसर्गिक!" असं कुणी म्हणेल. पण नैसर्गिक म्हणजे निर्धोक असं थोडंच आहे? धोत्रासुद्धा नैसर्गिकच की! मांजराला कडुलिंबाचं तेलही बाधू शकतं.

पिसवा परत आल्या!

मनी घरी आली. डॉक्टरांनी आठवडाभर नुसती फणी करायला सांगितली होती. आणि पाहतो तर काय, मनीच्या अंगावर पुन्हा पिसवा! एवढं विष अंगावर घेऊन बिचारी मरता मरता वाचली, आणि पिसवा मात्र मजेत. छकुली म्हणाली, "मॅडम, या मरतच नाहीत का?"

मी डॉक्टरांना विचारलं. ते हसून म्हणाले, "आपली म्हण आहे ना, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तसं झालंय तुमचं. तुम्ही मनीला धुताय, पण पिसवा राहतात कुठे?"

आता तुम्हीच सांगा, कुठे राहतात? अंगावर? चूक!

पिसूची मादी मनीच्या अंगावर बसून रक्त पिते आणि दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. ही अंडी मोहरीपेक्षाही बारीक, पांढुरकी आणि गुळगुळीत असतात. ती केसांना चिकटत नाहीत, घरंगळून खाली पडतात. मनी जिथे झोपते तिथे. गोणपाटात, गोधडीत, जमिनीच्या भेगांत. थोड्या दिवसांनी त्यातून केसासारखी बारीक अळी निघते. ती उजेड टाळते आणि कोपऱ्यात जाऊन लपते. तिचं जेवण काय, माहीत आहे? मोठ्या पिसवांची विष्ठा, म्हणजे सुकलेलं रक्त! मग ती स्वतःभोवती कोष विणते. कोषाला धूळमाती चिकटते, त्यामुळे तो दिसतच नाही. हवा चांगली असेल तर अंड्यापासून पिसूपर्यंत तीन-एक आठवडे पुरतात. पण जवळपास कुणी नसेल तर पिसू कोषातच महिनोन्‌महिने दबा धरून बसते. कुणाच्या चालण्याचा हादरा बसला, अंगाची ऊब लागली, श्वास जाणवला की टुणकन बाहेर! बंद पडलेल्या घरात पहिलं पाऊल टाकल्यावर पायाला चावे का बसतात, ते आता कळलं ना?

पिसू असते दोन-तीन मिलिमीटरची, पण उडी मारते वीतभर! तिच्या पायांच्या मुळाशी रबरासारखा लवचिक पदार्थ असतो. गलोलीचं रबर ताणून सोडावं तशी ती सुटते.

डॉक्टर सांगतात, घरात शंभर पिसवा आहेत असं धरलं, तर अंगावर दिसतात त्या जेमतेम पाच. बाकीच्या पंचाण्णव अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपानं घरात असतात. पाचांवर औषध मारायचं आणि पंचाण्णवांना गोणपाटावर झोपवायचं, मग त्या संपतील कशा?

मुंबईच्या गटारांत कार्बोलिक

ही चूक काही आपणच केलेली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच. त्या वेळी सरकारनं काय केलं? मुंबईची गटारं कार्बोलिक आम्लानं धुतली, घरांच्या भिंती पांढऱ्या केल्या, लोकांचं सामान बाहेर काढून जाळलं. प्लेग काही हटेना. कारण शत्रू कोण, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

१८९८ मध्ये कराचीला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं एक साधा प्रयोग केला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. प्लेग झालेला आणि अंगावर पिसवा असलेला एक उंदीर त्यानं मोठ्या काचेच्या बरणीत ठेवला. त्याच बरणीत जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा, धडधाकट उंदीर टांगला. दोघांना एकमेकांना शिवता येत नव्हतं. पण पिसवांना उडी मारता येत होती! थोड्याच दिवसांत दुसऱ्या उंदरालाही प्लेग झाला. रोग गटारातून येत नव्हता, उंदरावरच्या पिसवांतून येत होता. पण सिमाँचं हे म्हणणं बरीच वर्षं कुणी मानलंच नाही.

घाबरू नका हं! प्लेग पसरवणारी ती उंदरावरची पिसू वेगळ्या जातीची. मनीच्या पिसवांनी तुम्हाला प्लेग होणार नाही. पण ही गोष्ट सांगायचं कारण असं, की शत्रू कोण आणि तो राहतो कुठे हे कळल्याशिवाय औषध निवडायचं नाही.

ओल्या कापसाची परीक्षा

मग आमच्या चौथीनं ठरवलं, आधी शत्रू ओळखायचा. तुम्हीही करून बघा.

पांढरा कागद जमिनीवर पसरा. त्यावर मांजराला किंवा कुत्र्याला उभं करा आणि उवांच्या बारीक फणीनं शेपटीच्या मुळापासचे केस विंचरा. कागदावर काळे कण पडतील. ते कण ओल्या कापसानं टिपा. कापूस मातकट झाला तर ती नुसती माती. पण कणाभोवती लालसर डाग पसरला, तर ते पचलेलं रक्त, म्हणजे पिसवांची विष्ठा! पिसू दिसली नाही तरी चोर सापडला.

अंगाला चिकटून बसलेला, हरभऱ्यासारखा फुगलेला प्राणी दिसला तर तो गोचीड. पिसूला सहा पाय, गोचीडाला आठ. गोचीडांमुळे कुत्र्यांना वाईट ताप येतो आणि त्याचं औषध वेगळं असू शकतं. म्हणून डॉक्टरांना नीट सांगायचं : पिसवा आहेत, गोचीड आहेत, की दोन्ही.

फणीत अडकलेल्या पिसवा नखानं चिरडत बसू नका. साबणाच्या पाण्याच्या वाटीत फणी बुडवा. तिथे त्या बुडून मरतात. आणि हो, नंतर हात साबणानं स्वच्छ धुवा. पिसवांच्या पोटात कधी कधी एका पट्टकृमीची पिल्लं असतात. अंग चाटताना मांजर-कुत्रं पिसू गिळतं आणि त्याला जंत होतात. चुकून लहान मुलांच्या पोटात पिसू गेली तर त्यांनाही होतात. मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं, तर डॉक्टरांकडून जंताचं औषधही घ्यायचं.

वजनाची वजाबाकी

आठवड्यानं मनी पुरती टवटवीत झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता तिला तिचं औषध देऊ. आधी वजन सांगा."

मनी काट्यावर गप्प बसेल तर शपथ! मग आम्ही गणित वापरलं. शाळेतल्या वजनकाट्यावर छकुली मनीला कडेवर घेऊन उभी राहिली : २७ किलो ४०० ग्रॅम. मग एकटी उभी राहिली : २४ किलो ९०० ग्रॅम. मनीचं वजन किती? करा बरं वजाबाकी! (उत्तर शेवटी देते.)

डॉक्टरांनी वजनाप्रमाणे एक छोटी नळी दिली. तिच्यावर मांजराचं चित्र होतं. मानेमागचे केस बाजूला करून, जीभ पोचणार नाही अशा जागी, कातडीवर ते थेंब टाकायचे. हे काम छकुलीच्या बाबांनी केलं. त्या दिवशी मनीला अंघोळ नाही, आणि थेंब वाळेपर्यंत तिला कुरवाळायचं नाही.

छकुलीच्या बाबांनी नळीवरचं नाव वाचलं आणि म्हणाले, "फिप्रोनिल? अहो, हे तर आपल्या शेतातलंच औषध! घरात अर्धी बाटली पडली आहे. उगीच पैसे घातले."

मोठ्यांनो, हे नीट वाचा. फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही दोन्ही नावं शेतकऱ्याला पाठ आहेत. जनावरांच्या पिसवांच्या औषधातही तीच नावं असतात. पण नाव एक असलं तरी बाटली एक नाही. पिकाच्या औषधाचं प्रमाण वेगळं, त्यात मिसळलेली बाकीची द्रव्यं वेगळी. ते पानासाठी बनवलेलं असतं, कातडीसाठी नाही. पिकावरचं औषध जनावराच्या अंगावर कधीही लावायचं नाही. थेंबभर नाही, पाण्यात मिसळून नाही, कधीच नाही.

डॉक्टरांना किंवा दुकानदाराला औषध मागताना चार गोष्टी सांगायच्या. मी त्या फळ्यावर लिहिल्या :

१. प्राणी कोणता? मांजर, कुत्रा की ससा? 'फक्त कुत्र्यांसाठी' असं लिहिलेलं मांजराला चालत नाही. आणि फिप्रोनिल कुत्र्या-मांजराला चालतं, पण सशाला मारतं!

२. वजन किती? मोठ्या कुत्र्याची नळी दोन लहान कुत्र्यांत अंदाजानं वाटायची नाही.

३. वय किती? आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना बहुतेक औषधं चालत नाहीत. त्यांना फणी बरी. पण हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर लगेच डॉक्टर. पिसवा इतकं रक्त पितात की लहान पिल्लू दगावू शकतं.

४. आणखी काय? प्राणी गाभण आहे का, आजारी आहे का, आधी काही लावलंय का, घरात दुसरा प्राणी आहे का?

हा चौथा प्रश्न महत्त्वाचा. समजा, तुमच्याकडे कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत आणि ती एकमेकांच्या कुशीत झोपतात. मग कुत्र्याला परमेथ्रिनची पावडर लावली तरी विष मांजराला पोचतं. कुत्र्यांसाठी आता खायच्या गोळ्याही मिळतात. त्यातली काही महिनाभर, काही तीन महिने पिसवा आणि गोचीड दोन्ही मारतात. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर मात्र ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

गळ्यातला पट्टा, पावडर, शाम्पू हे प्रकारही असतात. शाम्पूनं त्या दिवशी अंगावर असलेल्या पिसवा जातात, पण दुसऱ्या दिवशी गोणपाटावरून नव्या चढतात. थेंब आणि गोळ्या जास्त दिवस टिकतात. म्हणून स्वस्त काय एवढंच न बघता, किती दिवस पुरतं तेही बघायचं.

कानबाईच्या आधीसारखं घर

अंगावरच्या पाचांचं झालं. पण उरलेल्या पंचाण्णवांचं काय?

त्यासाठी आम्ही रविवारी छकुलीच्या घरी मोहीम काढली. आमच्या खानदेशात कानबाई बसवण्याआधी घर कसं लख्ख झाडूनपुसून काढतात, तसं! पलंगाखाली, कोठीमागे, भिंतीच्या कडेला कुंच्यानं झाडलं. निघालेली धूळ उकिरड्यावर न टाकता साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकली. छकुलीच्या आईनं जमिनीच्या भेगा लिंपून घेतल्या. मनीचं जुनं गोणपाट जाळलं. गोधड्या गरम पाण्यात बुडवून धुतल्या आणि ऊन पडलं तसं धाब्यावर पसरल्या.

ऊन हे आपलं फुकटचं औषध. पिसूच्या अळीला ओलावा लागतो आणि सावली लागते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा उघड्या अंगणात ती तग धरत नाही. पाऊस पडला, हवा दमट झाली की मात्र तिचे सुगीचे दिवस. म्हणून पावसाळ्यात उघडीप मिळाली की गोधड्या उन्हात टाकायच्या.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे धीर. छकुलीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर फणीत सापडलेल्या पिसवांची नोंद ठेवली. पहिल्या दिवशी २३. आठवड्यानं ६. आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ११! तिचे बाबा वैतागले. "औषध खोटं निघालं!" पण छकुलीच म्हणाली, "बाबा, ह्या नव्या आहेत. कोषातल्या. मॅडमनी सांगितलं होतं." अगदी बरोबर! कोषावर औषध चालत नाही. त्यातून पिसू बाहेर येते, मनीच्या अंगावर चढते आणि तेव्हा मरते. म्हणून मधेच औषध बदलायचं नाही, वाढवायचं तर नाहीच नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला पुढचा डोस, रोजचं झाडणं, आणि साधारण तीन महिने चिकाटी. दिवाळीच्या सुट्टीआधी छकुलीनं कॅलेंडरवर मोठं शून्य काढलं.

आई-बाबांसाठी दोन शब्द

औषध लावायचं काम मुलांवर सोपवू नका. फवारणीची औषधं थंड पेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. ती कुलपात ठेवा. गावात डॉक्टर नसतील तर पशुसंवर्धन विभागाचा १९६२ हा टोल फ्री क्रमांक लिहून ठेवा. प्राण्याला औषध बाधलं तर वाट बघू नका, बाटली घेऊन दवाखाना गाठा. आणि माझ्यासारखं कुणी छातीठोकपणे "हे लावा, काही होत नाही" म्हणालं, तर त्या माणसाला एवढंच विचारा, "मांजराला चालतं का, आणि हे तुम्हाला कसं माहीत?" छकुलीनं मला हा प्रश्न विचारला नाही. कारण मी तिची मॅडम होते. त्या दिवसापासून वर्गात मी एक नियम केला आहे. मॅडमनाही "तुम्हाला कसं माहीत?" असं विचारायची परवानगी आहे.

विचारतात हो आता! परवा तर भूगोलाच्या तासाला पाच वेळा विचारलं.

छकुलीच्या बाकावर आता कुणी सरकून बसत नाही. उलट ज्याच्या घरी मांजर-कुत्रं आहे तो आधी तिच्याकडे जातो. पांढरा कागद आणि ओला कापूस तिच्या दप्तरातच असतो. आणि मनी? ती परवा थेट वर्गात आली, माझ्या टेबलावर चढली आणि हजेरीपटावर आरामात झोपली. मी तिला उठवलं नाही. तेवढं माझ्याकडून तिचं देणं होतं.

या आठवड्याचा उद्योग : घरच्या प्राण्यावर ओल्या कापसाची परीक्षा करा. तारीख घालून वहीत लिहा. लाल डाग दिसला तर औषध शोधायच्या आधी प्राणी झोपतो ती जागा शोधा, आणि मोठ्यांना ती दाखवा.

(वजाबाकीचं उत्तर : २ किलो ५०० ग्रॅम. बरोबर आलं ना? शाबास!)

पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात, याच ओट्यावर.

तुमची,
मॅडम